एकच, कायमचा चाकू घ्यायचाय, कुठला घेऊ?

पत्राचा सारांश: पत्रलेखक कोल्हापूरचे, वय 38, नोकरी फौंड्रीत. बरीच वर्षं सह्याद्रीत भटकंती चालू आहे. पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड, थंडीत दाजीपूर आणि आंबोली, वर्षातून एखादा मुक्कामी ट्रेक हरिश्चंद्रगडाच्या बाजूला. चाकूंचा नाद आहे. सध्या जवळ चार आहेत: स्वीडनचा मोरा कम्पॅनियन, लाल मुठीचा स्विस आर्मी, डी2 पोलादाचा घडीचा चाकू आणि ऑनलाइन घेतलेला 10 इंच पात्याचा बोवी (मोठ्या पात्याचा शिकारी धाटणीचा चाकू). यंदा बोनसमधले पंचवीस हजार बाजूला काढलेत आणि त्यातून "एकच, शेवटचा, कायमचा" चाकू घ्यायचाय. समोर तीन पर्याय आहेत. पहिला फालक्निव्हन या स्वीडिश कंपनीचा एफ1. दुसरा मॅग्नाकट पोलादाचा, 4.8 मिमी जाड पात्याचा अमेरिकी चाकू. दिवाळीला येणारा मेहुणा तो आणू शकतो. तिसरा ओळखीच्या कारागिराकडून ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून बनवून घेतलेला. मित्र म्हणतात पातं 7 इंच हवं आणि जाड हवं, जंगलात कधी काय लागेल सांगता येत नाही. घरचे म्हणतात, आहेत तेवढे पुरेत. पत्रलेखक स्वतः म्हणतात, "मोरा चांगला चालतो, पण खरा चाकू वाटत नाही." प्रश्न असा की घेऊ कुठला?

नमस्कार.

तुमच्या पत्रातलं ते मोराबद्दलचं वाक्य जाता जाता लिहिलेलं आहे, पण माझ्या मते सगळा प्रश्न तिथेच आहे. मोरा चांगला चालतो. म्हणजे काम कुठे अडलेलं नाही, हौस आहे. हौस असण्यात काहीच वावगं नाही. चांगली घडवलेली वस्तू हातात असावी, ती आपण सांभाळावी, तिला आपणच धार लावावी, हा आनंद खरा आहे आणि त्यासाठी पैसे खर्च करायला कुणाची परवानगी लागत नाही. घोळ होतो तो हौसेला गरज म्हटल्यावर. मग कधीच न घडणाऱ्या प्रसंगांसाठी चाकू निवडला जातो: पात्यानं ओंडका फोडायचा आहे, दगडाच्या फटीत घालून जोर लावायचा आहे, तीन दिवस जंगलात अडकायचं आहे. तसा चाकू येतो आणि पहिल्याच मुक्कामात कांदा चिरताना नकोसा होतो. मग पुन्हा मोरा बाहेर निघतो आणि पंचवीस हजारांची वस्तू कपाटात जाते.

म्हणून काहीही मागवण्याआधी एक काम करा. गेल्या वर्षभरातल्या भटकंतीत चाकूनं नेमकं काय कापलं, ते आठवून कागदावर लिहा. सह्याद्रीत फिरणाऱ्यांची यादी साधारण सारखीच असते: खिचडीसाठी कांदा-बटाटा-टोमॅटो, वाटेत काकडी आणि लिंबू, पाकिटं, तंबूची दोरी, चिकटपट्टी, बँडेज, तळ सुटलेला बूट बांधायला सुतळी, फार तर चूल पेटवायला चार ढलप्या. या यादीत 7 इंची पात्याचं काम कुठे आहे ते बघा. तुमच्या यादीत खरोखर असेल तर माझं पुढचं बरंचसं म्हणणं बाजूला ठेवा. पण नसावं, असं पत्रावरून दिसतं.

आता जाडीकडे येऊ, कारण तुमचे मित्र तिथेच चुकतात आणि सगळा बाजारही त्यांना दुजोरा देतो. चाकू किती छान कापतो हे पोलादाच्या नावापेक्षा धारेच्या लगेच मागे पातं किती जाड आहे यावर ठरतं. तुमच्याकडे व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, असेलच. प्रत्यक्ष धारेचा जो बारीक उतार असतो तो जिथे सुरू होतो, तिथे पात्याची जाडी मोजा. 0.3 ते 0.5 मिमी असेल तर चाकू भाजीतून सरळ जाईल. 0.8 किंवा त्याहून जास्त असेल तर गाजर, कच्चा बटाटा असल्या कडक गोष्टी चिरल्या जात नाहीत, पाचर ठोकल्यासारख्या फुटतात. मोरा कम्पॅनियनचं पातं 104 मिमी लांब आणि जेमतेम 2.5 मिमी जाड आहे. तो तुम्हाला "चांगला चालतो" असं वाटतं त्याचं अर्धं कारण हे आहे.

जाडीनं ताकद वाढते हे बरोबरच आहे, पण किती आणि कशासाठी ते पाहू. पात्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. 3.2 मिमीच्या ऐवजी 4.8 मिमी घेतलं तर पातं जवळजवळ 3.4 पट ताठ होतं. हा ताठपणा कामाला येतो तो पहारीसारखा चाकू वापरला तर, आणि चांगल्या चाकूचा पहारीसारखा वापर तुम्ही करणार नाही. बदल्यात पातं दीडपट जड होतं, आणि तेवढ्याच रुंदीत ते निमुळतं करायला जागा कमी पडल्यानं धारेमागे जाडी राहते. पात्याच्या पाठीवर ओंडका मारून लाकूड फोडायचं असेल तर मनगटाएवढ्या सुक्या फांद्यांना 3 ते 3.5 मिमी पुरतं, मात्र दोन अटी आहेत: फांदीची जाडी पात्याच्या लांबीपेक्षा निदान तीन-चार सेंटिमीटर कमी असावी, आणि पातं गाठीत घालू नये. गाठीत पातं अडकतं, मग माणूस मूठ खालीवर दाबतो, आणि मोडतोड तिथेच होते. याहून जाड लाकडाला कोयताच हवा. मुक्काम गावात असेल तर ज्यांच्या अंगणात उतरता त्यांच्याकडे तो असतो आणि तुमच्या कुठल्याही चाकूपेक्षा तो हे काम लवकर करतो.

लांबीचंही असंच. 9 ते 11 सेंटिमीटर पातं, म्हणजे साडेतीन ते सव्वाचार इंच, यात वरच्या यादीतलं सगळं होतं. टोक जितकं हातापासून लांब तितका त्याच्यावरचा ताबा कमी, आणि दमल्यावर, ओल्या हातानं, हेडटॉर्चच्या उजेडात काम करताना ताबाच महत्त्वाचा असतो.

इथे थोडं थांबून कायद्याचं बोलावं लागेल, कारण पत्रात दाजीपूर आणि हरिश्चंद्रगड दोन्ही आहेत आणि चाकूच्या चर्चेत हा विषय जवळजवळ कधीच निघत नाही. दाजीपूर राधानगरी अभयारण्यात येतं. हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात. वासोट्याला जाल तर ते कोयना अभयारण्य. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या कलम 31 प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षक किंवा प्राधिकृत अधिकारी यांच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात जाता येत नाही, आणि त्याच कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकूचं नाव घातलेलं आहे. पात्याची लांबी किती असली तर चालेल, असली सवलत त्यात नाही. कांदा चिरायचा चाकू होता हे नाक्यावर समजून घेतलं जाईलही, पण म्यानातला काळा जाड चाकू कमरेला दिसला तर समोरच्यानं काय समजावं? शिकारी समजूनच तो तुमच्याकडे बघणार, आणि ते त्याचं कामच आहे. म्हणून अभयारण्यातल्या ट्रेकला आधी वनखात्याच्या कार्यालयात विचारा. परवानगी नसेल तर भाजी घरून चिरून डब्यात न्या आणि प्रथमोपचाराच्या पेटीत बोथट टोकाची कात्री ठेवा. तिथली लाकडं तोडायचा तर प्रश्नच नाही.

अभयारण्याबाहेरही दोन गोष्टी लक्षात असू द्या. सण, निवडणुका, आंदोलनं यांच्या आसपास महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली मनाई आदेश निघतात. वर्तमानपत्रात आतल्या पानावर छोटी बातमी असते. त्या काळात तलवारी-भाल्यांच्या बरोबरीनं सुरे बाळगून सार्वजनिक जागी फिरायला बंदी असते. एसटी स्टँडवर पिशवी तपासली तर चाकू सॅकच्या तळाशी, म्यानात, स्वयंपाकाच्या सामानाबरोबर असावा. कमरेला कधीच नसावा. दुसरी गोष्ट तुमच्या बोवीची. शस्त्र कायद्याच्या नियमांना जोडलेल्या पहिल्या अनुसूचीत, 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे चाकू हे तलवारी, खंजीर यांच्याच वर्गात धरलेले आहेत; घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं तेवढी वगळली आहेत. तुमचं पातं 10 इंच आहे आणि बोवी हे काही शेतीचं अवजार नव्हे. अशा हत्याराला परवाना लागतो की नाही हे त्या भागापुरती अधिसूचना आहे का यावर ठरतं, म्हणून पोलीस ठाण्यात किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत विचारून घ्या. तोवर तो घराबाहेर काढू नका. तुमच्या मनातला पुढचा चाकू 7 इंची नसावा, याला हे आणखी एक कारण.

आता पोलाद. तुमचा डी2 चाकू पावसात डागाळतो याचा तुम्हाला राग आहे आणि विकणाऱ्यानं फसवलं असं वाटतंय. कदाचित नसेल फसवलं. डी2 मध्ये सुमारे 12 टक्के क्रोमियम असतं, आणि 11-12 टक्क्यांच्या पुढे गेलं की पोलाद गंजत नाही असं सगळे धरून चालतात. पण त्यात कार्बन दीड टक्का असतो. हा कार्बन क्रोमियमला पकडून कार्बाइडचे कण बनवतो. त्या कणांत अडकलेलं क्रोमियम गंजाविरुद्ध काही करू शकत नाही. रक्षण करतं ते मोकळं राहिलेलं. म्हणून डी2 अर्धवट स्टेनलेस. शिवाय त्याच्या कार्बाइडचे कण मोठे असतात, म्हणून फार बारीक कोनाची धार लावली तर तिला खाचा पडतात.

मॅग्नाकटची मेख नेमकी इथेच आहे. लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञानं ते आखलं आणि 2021 मध्ये ते बाजारात आलं. त्यात क्रोमियम 10.7 टक्केच, म्हणजे कागदावर डी2 पेक्षाही कमी. पण बनवताना असा हिशोब केलाय की कडक केल्यावर क्रोमियमचे कार्बाइड राहतच नाहीत. धार टिकवायचं काम व्हॅनेडियम आणि नायोबियमचे बारीक कार्बाइड करतात आणि क्रोमियम सगळं मोकळं राहतं. त्यामुळे आंबोलीच्या पावसातही ते डी2 पेक्षा कितीतरी स्वच्छ राहील, आणि इतका कडकपणा असूनही सहसा तुटणार नाही. ही नुसती जाहिरात नाही, पोलाद खरंच उत्तम आहे. एक बाजू मात्र सांगायलाच हवी: व्हॅनेडियमचे कार्बाइड नेहमीच्या धारेच्या दगडापेक्षा कठीण असतात. साध्या दगडावर धार लावायला जास्त वेळ लागतो. डायमंड प्लेट (हिऱ्याचे कण बसवलेली धारेची पट्टी) बरी पडते, तिचे पैसे हिशोबात धरा.

एफ1 बद्दल. हा चाकू 1995 पासून स्वीडिश हवाई दलाच्या वैमानिकांकडे असतो, आणि त्याची सगळी घडण त्यावरून कळते. विमान पडलं तर जवळ एवढंच एक हत्यार असेल, ते मोडता कामा नये. पातं 97 मिमी, जाडी 4.5 मिमी, मधे व्हीजी10 पोलादाचा कडक गाभा आणि दोन्ही बाजूंना मऊ स्टेनलेसचे थर, धार बाहेरून फुगीर. टिकाऊपणात त्याला तोड नाही. तो घ्यायचा तर त्या इतिहासासाठी आणि घडणीसाठी जरूर घ्या, आयुष्यभर जपाल असा आहे. फक्त कांदा-बटाट्याला तो मोरापेक्षा कमीच पडेल, हे आजच ठाऊक असू द्या, म्हणजे नंतर निराशा नको. त्या फुगीर धारेला सपाट दगड चालत नाही. जुन्या माउसपॅडवर 400, मग 800, मग 1500 नंबरचा पॉलिश पेपर ठेवायचा आणि पातं धारेकडून पाठीच्या दिशेनं, फक्त मागे ओढायचं. पुढे ढकललं तर कागद फाटतो आणि धार गोल होते.

तिसऱ्या पर्यायाला मी चाकू म्हणून विरोध करणार नाही, ट्रकच्या जुन्या पाट्याला करीन. कमानपाटा म्हणजे बहुधा ईएन45 सारखं स्प्रिंगचं पोलाद. कोयत्याला ते झकास, कारण ते लवतं आणि तुटत नाही. पण लाखो हेलकावे खाल्लेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असू शकतात, आणि त्या कारागिराच्या भट्टीत बुजत नाहीत, पाणी पाजताना, म्हणजे तापवून एकदम थंड करताना, उलट उघडतात. तुम्ही कोल्हापुरात आहात. नवा, सर्टिफिकेटसह ईएन31 चा तुकडा तुम्हाला सहज मिळेल. बेअरिंगचं हे पोलाद चाकूला फार छान आहे. बारीक धार घेतं आणि साध्या दगडावर पटकन लागते. तोच कारागिराला द्या. सांगताना "मजबूत बनव" असं सांगू नका, आकडे द्या: पाठीला 3 मिमी, धार लावण्याआधी कडेला 0.4 मिमी, कडकपणा 59 ते 61 एचआरसी (रॉकवेल मापावर), पाणी तेलात पाजायचं, आणि त्यानंतर लगेच दोन वेळा, दर वेळी दोन तास टेम्पर (मंद आचेवर पुन्हा तापवणं). "लगेच" याला अर्थ आहे. तेलातून काढलेला तुकडा रात्रभर तसाच ठेवला तर सकाळी चिरलेला मिळू शकतो. ईएन31 गंजतं, हे मात्र कुठल्याही युक्तीनं टळत नाही. जून ते सप्टेंबर त्याला रोज पुसून तेल लावावं लागेल.

कुठलाही पर्याय घेतलात तरी एक तपासणी तुमच्या हातात आहे, जी इतर हौशींच्या नशिबी नसते. फौंड्रीत कडकपणा मोजायचं रॉकवेल मशीन असेल. पोलाद कितीही नामांकित असो, त्याला पाणी नीट पाजलं नसेल तर ते वाया गेलेलं असतं. मॅग्नाकट 61 ते 63 ला ठेवलं तर त्याचं चीज होतं. सी स्केल, 150 किलोचा भार, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण ठसा मुठीजवळच्या सपाट, समांतर भागावरच घ्या. उतारावर घेतला तर पातं खाली टेकत नाही आणि वाचन तीन-चार अंकांनी कमी दाखवतं. मग चांगल्या चाकूवर उगाच आळ येतो. ठशाचा बारीक खड्डा कायमचा राहतो, तेव्हा कंपनीच्या चाकूवर हे करायचं की नाही ते मन घट्ट करून ठरवा. कारागिराच्या चाकूवर मात्र मूठ बसवण्याआधी, टँगवर (मुठीत जाणाऱ्या पात्याच्या भागावर) करून घ्याच. तिथे तो झाकला जातो.

मुठीबद्दल लोक फार कमी विचारतात आणि हात तर दिवसभर मुठीलाच लागलेला असतो. तळव्याची रुंदी चार बोटांवरून मोजा आणि त्यात दीड-दोन सेंटिमीटर मिळवा, तेवढी मूठ लांब हवी, बहुतेकांना 10.5 ते 11.5 सेंटिमीटर पुरते. बोटांसाठी खोलगट खाचा कोरलेली मूठ घेऊ नका. त्या खाचा दुसऱ्या कुणाच्या तरी बोटांच्या असतात, आणि चाकू उलटा धरला की टोचतात. धार मुठीपासूनच सुरू झाली पाहिजे. मधे बोट ठेवायला अर्धगोल कापलेला असला तर दिसायला छान, पण जिथे हाताचा जोर सगळ्यात जास्त तिथली धार गेली. सामान म्हणाल तर मायकार्टा (राळेत दाबून घट्ट केलेलं कापड) ओल्या हातात चांगला धरला जातो. लाकूड देखणं असतं, पण आपल्या पावसाळ्यात फुगतं आणि हिवाळ्यात आकसतं, दोन-तीन वर्षांत पिना हाताला लागायला लागतात.

म्यान कातडी नको. कोल्हापूरच्या माणसाला हे सांगणं जिवावर येतं, कातडीकाम तुमच्याकडचंच. पण ओल्या कातड्यात ठेवलेलं पातं दोन दिवसांत डाग धरतं आणि म्यानावर बुरशी येते. ट्रेकला कायडेक्स या कडक प्लास्टिकचं किंवा साध्या प्लास्टिकचं, तळाला पाणी निघायला भोक असलेलं म्यान घ्या. हवं तर कोल्हापुरी कातड्याचं एक देखणं म्यान घरी मिरवायला करून घ्या, पण चाकू त्यात साठवू नका.

धार हा खरं तर वेगळ्या पत्राचा विषय आहे, तरी एवढं सांगतो. पात्याची रुंदी 25 मिमी असेल आणि प्रत्येक बाजूला 20 अंशांचा कोन हवा असेल, तर पाठ दगडापासून साडेआठ मिमी वर धरायची. धारेवर काळ्या मार्करची रेघ ओढा आणि दोन-तीन वेळा घासून बघा. शाई धारेच्या अख्ख्या उतारावरून, अगदी कडेपर्यंत निघाली तर कोन बरोबर. फक्त वरच्या बाजूला निघाली तर पाठ फार खाली आहे, फक्त कडेशी निघाली तर फार वर. एका बाजूनं घासताना दुसऱ्या बाजूला, मुठीपासून टोकापर्यंत सलग, नखाला अडेल अशी उलटलेली कड येईपर्यंत बाजू बदलायची नाही. "घासघास घासलं तरी धारच येत नाही" या तक्रारीचं कारण दहापैकी नऊ वेळा हेच असतं: कड येण्याआधी बाजू बदलली. शेवटी ती कड हलक्या हातानं, बाजू बदलत बदलत काढायची आणि कातडी पट्ट्यावर आठ-दहा वेळा मागे ओढायचं. तुमच्या मोराची गोष्ट वेगळी: त्याचा अख्खा रुंद उतारच दगडावर सपाट टेकवायचा, कोन मोजायची गरज नाही.

तेलाचं एक वाक्य: खोबरेल नको, ते थंडीत गोठतं आणि नंतर खवट होतं. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं, त्याचे दोन थेंब पात्यावर पुसायला बास. खाण्याच्या पदार्थांनाही त्याची अडचण नाही. शिलाई मशीनचं तेल घडीच्या चाकूच्या सांध्याला ठीक, पात्याला नको.

आता तुमचा प्रश्न. माझं मत मॅग्नाकटच्या बाजूनं आहे, पण तुम्ही निवडलेल्या 4.8 मिमी जाडीचा तो नव्हे. त्याच पोलादाचे 3 मिमीच्या आसपासचे, 10 सेंटिमीटर पात्याचे चाकू अमेरिकेत बरेच जण बनवतात, तसा शोधा. पावसात फिरणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या आणि धार लावायची मनापासून आवड असलेल्या माणसाला त्याहून जास्त समाधान देणारं आत्ता तरी मला दिसत नाही. पंचवीस हजारांपैकी एक भाग दोन डायमंड प्लेट आणि कातडी पट्ट्यासाठी बाजूला ठेवा. धार लावायच्या सामानाशिवाय महाग पोलाद घेणं हा या छंदातला सगळ्यात वाईट सौदा आहे. मॅग्नाकट जमलं नाही तर मोरा कंपनीचाच गार्बर्ग पाहा: 14सी28एन पोलाद, 3.2 मिमी, टँग मुठीच्या टोकापर्यंत, गंजाला चिवट आणि साध्या दगडावर धार लागते. नावात रुबाब नाही, पण "खरा चाकू" हातात घेतल्यासारखा तो नक्की वाटेल.

"शेवटचा" या शब्दाबद्दल मात्र मी तुम्हाला आग्रह करीन की तो सोडून द्या. तुम्हाला चाकू आवडतात, दोन वर्षांनी दुसरा आवडेल. शेवटचा म्हटलं की त्याच्याकडून सगळ्याच अपेक्षा होतात, आणि मग जाडी वाढते, लांबी वाढते, किंमत वाढते. घरच्यांनाही हेच सरळ सांगा: गरज नाही, आवड आहे, एवढे पैसे आहेत, आणि बोवी नि डी2 काढून टाकतोय. डी2 एखाद्या नवशिक्या मित्राला द्या. बोवी कुणाला देण्याआधी वर सांगितलेली चौकशी करा.

मेहुण्यांना निरोप पाठवताना संदिग्ध काही ठेवू नका, कारण दुकानात उभा असलेला माणूस "मोठा आणि भारी" तेच उचलतो. लिहा: स्थिर पात्याचाच हवा, बटण दाबून उघडणारा अजिबात नको, पातं 4 इंच, जाडी एक-अष्टमांश इंच, मूठ मायकार्टाची, म्यान कायडेक्सचं. कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यायला सांगा, कारण नामांकित पोलादाचं नाव कोरलेल्या नकला मोठ्या ऑनलाइन बाजारांतही सर्रास विकल्या जातात. चाकू चेक-इन बॅगेत, पुठ्ठ्यात गुंडाळून, खोक्यात. हातातल्या बॅगेत ठेवला तर विमानतळावरच जप्त होईल. बिल बॅगेत न ठेवता खिशात ठेवावं, कस्टम्सनं विचारलं तर दाखवायला.